मुंगीशेजारची खुर्ची

१

गोपीनाथ मुंगींचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात आपलं काही चुकतंय असंही त्यांना वाटत नसे. जन्मभर विमा कंपनीत आगी तपासल्या. गोदाम जळालं की मालक छाती बडवत उभा असायचा आणि हे राखेत काडी घालून बघायचे, की जळालं ते कापड होतं की चिंध्या. अशा नोकरीतून माणूस रिटायर होतो, त्याचा संशय होत नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, जिन्याच्या चार पायऱ्या उतरायच्या, परत वर जायचं, पुन्हा ओढायचं. तोवर शुभदाताई खाली रिक्षात बसलेल्या असत. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला की त्या शांतपणे सांगत, रुको भैया, अभी साहब की आरती बाकी है.

कागदांवर मात्र गोपीनाथांचा विश्वास होता. सगळ्या कागदांवर नव्हे हं, वर्तमानपत्रावर तर मुळीच नव्हता. जुन्या विलायती छापील कागदांवर. त्यांचे वडील बाबूराव कापडाच्या गिरणीत कारकून होते. गोदामात पडून राहिलेल्या इंग्रजी गठ्ठ्यांवरची रंगीत लेबलं ते पाण्याने सोडवून पोरासाठी घरी आणत. हत्तीवर बसलेला राजा, सिंहावरची देवी, आणि खाली कुठल्याशा इंग्रजी गावाचं नाव. पोराला तेव्हा जी चटक लागली ती लागलीच. पुढे लेबलांवरून हा गृहस्थ चहाच्या पेट्यांच्या चिठ्ठ्यांवर गेला, तिथून नाटकांच्या जाहिरातींवर, आणि शेवटी तांब्याच्या पत्र्यावरून लंडनला छापलेल्या मोठ्या छापचित्रांवर. कुणा गोऱ्या साहेबाने माळव्यातून जाता जाता काढलेले घाट, किल्ले, वडाची झाडं. पेन्शनीचा माणूस, पण लिलावाच्या दिवशी सर्दी झाल्याचं सांगून खोलीत बसायचा आणि सातासमुद्रापलीकडे बोली लावायचा.

ती खोली स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घरात मागच्या अंगाला होती. एक उंच खिडकी, तीही उत्तरेकडची, म्हणजे ऊन कागदावर पडायला नको. लोखंडी कपाट, कसर लागू नये म्हणून फडक्यात बांधलेल्या लवंगा, जमिनीवर सतरंजी आणि एक बसकं मेज. खुर्ची नव्हती. गोपीनाथांनी कधी ठेवलीच नाही. म्हणायचे, खुर्ची ठेवली की कुणीतरी येऊन बसतं.

२

या छंदाची एक रीत आहे. कागद आपला झाला, की त्याच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, हरभऱ्याच्या दाण्याएवढी आपली खूण उठवायची. कुणाचं अक्षर असतं, कुणाचा मुकुट, कुणाचा पक्षी. पुढे कागद दुसऱ्याकडे गेला की तो आपली खूण शेजारी उठवतो. आधीची पुसायची नाही, झाकायची नाही, आणि कागद खरोखर आपला होत नाही तोवर शिक्क्याला हात लावायचा नाही. म्हणून जुना कागद उलटा केला की कोपऱ्यात खुणांची रांग दिसते. त्यातले बहुतेक जण कधीच मातीत गेलेले. रांगेतला शेवटचा असतो तो मालक.

गोपीनाथांची खूण म्हणजे मुंगी. आडनावच ते. शिसवाच्या तुकड्यावर ती शुभदाताईंनी कोरली होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, हात विलक्षण स्थिर. सहा पाय, दोन मिशा, सगळं जिथल्या तिथे. देताना म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखीच आहे, सारखी काहीतरी ओढून घरात आणते.

तर डिसेंबरातली गोष्ट. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा रविवारी दुपारी गोपीनाथ एकेक गठ्ठा सोडून कागदांना वारा देत. एकेक चित्र उचलायचं, पुढून बघायचं, मागून बघायचं, खाली ठेवायचं. महेश्वरच्या घाटाचं त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र हातात आलं. पुढून ठीक. मागून बघितलं. कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर, मग एक पान, मग त्यांची मुंगी.

आणि मुंगीच्या उजव्या हाताला एक खुर्ची.

त्यांना आधी वाटलं, डाग आहे. बोटाने झटकून बघितलं, भिंग लावून बघितलं. चार पाय, सरळ पाठ, हात नसलेली साधी खुर्ची. बारीक, नेटकी, काळ्या शाईची. गेल्या थंडीत ती तिथे नव्हती याबद्दल ते गंगेत उभं राहून शपथ घ्यायला तयार होते. कुणीतरी त्यांच्यानंतरचा मालक म्हणून सही करून गेलं होतं आणि चित्र तर त्यांच्याच मांडीवर होतं.

३

संशय घ्यायला माणूस जवळच होता. दिवाकर सरंजामे, तुकोगंजातला वकील, कॉलेजपासूनचा मित्र. याच छंदातला, आणि महेश्वरच्या त्या चित्रावर डोळा ठेवून असलेला. दर रविवारी सकाळी पोहे-जलेबीचा पुडा घेऊन यायचा आणि हात धुऊन, पुसून, मग कागदांना हात लावायचा. गोपीनाथांच्या कागदांची पाठ बघण्याची परवानगी जगात त्याला एकट्यालाच होती.

पुढच्या रविवारी गोपीनाथांनी काही न बोलता चित्र उलटं करून त्याच्या पुढे ठेवलं आणि कागदाऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ही त्यांची कामातली जुनी सवय. दिवाकरने भिंग लावलं. त्याचा चेहरा पडला, पण चोराचा पडतो तसा नव्हे. मित्राने आपल्याला न विचारता वस्तू विकली तर पडेल, तसा.

"भिया, कुणाला दिलंस हे? मला एका शब्दाने विचारलं तरी असतंस."

कुणालाच दिलं नाही म्हटल्यावर त्याने पुन्हा भिंग लावलं आणि बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, की ही शाई आजकालची नाही यार. कागदात मुरली आहे, कडेने तपकिरी पडली आहे. तुझी मुंगी हिच्यापुढे कालची वाटते. गोपीनाथ म्हणाले, मुंगीच्या नंतर बसलेली खूण मुंगीपेक्षा जुनी कशी असेल?  दिवाकरने उगीचच मागे वळून भिंतीकडे बघितलं आणि आज लवकर निघतो म्हणाला. जलेबी तशीच राहिली.

दोन-चार दिवसांनी गोपीनाथांनी कपाट उघडलं तर महेश्वरचं चित्र नव्हतं. मधला पातळ कागद होता, पुठ्ठा होता, बांधलेली नाडी त्यांच्याच गाठीची होती. आत चित्र तेवढं नव्हतं. कपाटाला कुलूप, आणि किल्ली गोपीनाथांच्या जानव्याला. आंघोळीतसुद्धा ती अंगावरच असे.

त्यांनी दिवाकरला फोन लावला आणि जन्मभराच्या मैत्रीत बोलू नये ते बोलले. दिवाकरने सगळं ऐकून घेतलं. मग फक्त एवढंच म्हणाला, की गोपी, आता मी येणार नाही.

४

दिवाकर यायचा थांबला. खुर्च्या थांबल्या नाहीत.

चहाच्या पेटीवरच्या एका चिठ्ठीमागे खुर्ची दिसली आणि आठवड्याच्या आत चिठ्ठी गेली. मग वडाच्या झाडाचं चित्र. मग बाबूरावांनी गिरणीतून आणलेलं पहिलं लेबल, हत्तीवरचा राजा. त्या लेबलासाठी गोपीनाथ रडले. दार लावून, तोंडात रुमाल धरून रडले, कारण रडण्याचा आवाज बाहेर गेला तर चोराला कळेल असं त्यांना वाटलं.

आता हा माणूस काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. भुताने लावलेली आग म्हणून दाव्याचे अर्ज त्यांनी पाहिले होते आणि फेटाळले होते. त्यांनी सगळं शिस्तीत तपासलं. खिडकीचे गज हलवून बघितले. कपाटाची पाठ ठोकली. दाराच्या फटीत केस चिकटवला, तो सकाळी जागच्या जागी होता. मग आपल्यावरच संशय घेतला. म्हटलं, वय झालं, मीच कुठे काढून ठेवतो आणि विसरतो. डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. यांनी ते धडाधड केलं आणि वर डॉक्टरच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट खरं आहे का, तेही विचारलं.

आणि मग तो आवाज. तो आवाज रात्री येत असता तर बरं झालं असतं, माणूस स्वप्न म्हणून सोडून देतो. तो यायचा भर दुपारी, जेवणं झाल्यावर, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत असताना. मागच्या खोलीत लाकडाचे पाय फरशीवर सरकल्याचा आवाज. करर्र. मग थोडं थांबून, कुणी जड माणूस बसल्यावर वेताची बैठक कुरकुरते तसा.

पहिल्यांदा गोपीनाथ उठून गेले. खोलीत सतरंजी होती, मेज होतं, कपाट होतं. लवंगांचा वास होता. कुणी नव्हतं. पण दारात उभं असताना त्यांना असं वाटलं, की आपण बोलावल्याशिवाय एखाद्याच्या ऑफिसात शिरलो आहोत. त्यांच्याच घरात. ते चक्क माफ करा म्हणाले आणि दार लोटून परत आले. मग स्वतःचाच इतका राग आला, की चहा घेतला नाही.

५

दिवाकर नाही. बाहेरचा कुणी नाही. मग झोपलेल्या गोपीनाथांच्या जानव्यापर्यंत कुणाचा हात पोचू शकतो? याचं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर स्वयंपाकघरात मटार सोलत बसलं होतं.

एकदा तिकडे नजर वळल्यावर सगळंच जुळायला लागलं. संशयाचं असंच असतं, तो कधी उपाशी राहत नाही. शुभदाताई हल्ली लेकीशी, पुण्याच्या ऋजुताशी, हळू आवाजात बोलतात आणि हे आले की विषय बदलतात. हे घर आता आपल्याला झेपत नाही, विकून पुण्याला जाऊ, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. चित्रांना चिकटपट्ट्या लावायची मैद्याची खळ त्याच शिजवून देतात, म्हणजे कागद हाताळायची त्यांना सवय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मुंगी कोरली कुणी? जो हात मुंगी कोरतो त्याला खुर्ची कोरायला कितीसा वेळ लागणार?

शुभदाताई अन्नपूर्णेला दर्शनाला गेल्या, तेव्हा गोपीनाथांनी त्यांचं कपाट उघडलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण त्या कपाटाला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. साड्यांच्या घड्या उचलल्या. खालून कोरण्याची हत्यारं निघाली, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेली, पण गंजलेली. लाकडाचे तुकडे होते. त्यांवर पोरींनी शाळेत कोरलेली फुलं आणि मोर. खुर्ची नव्हती. गोपीनाथांनी एकेक घडी मोडली, झटकली, पुन्हा बघितलं.

पाठीमागे दारात शुभदाताई प्रसादाची पुडी घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्या ओरडल्या नाहीत. पुडी टेबलावर ठेवली, खाली बसल्या आणि विस्कटलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालायला लागल्या.

गोपीनाथांनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण नाही. ते म्हणाले, सांगून टाक, कुणाला विकतेस.

शुभदाताईंनी हातातली घडी पुरी केली. मग सावकाश म्हणाल्या, "मला वाटत होतं, सगळ्या जगावर संशय घेऊन झाला की तुम्ही माझ्याजवळ येऊन निवांत बसाल. मी थांबले होते त्याच्यासाठी."

त्या संध्याकाळी त्यांनी ऋजुताला मोठ्या आवाजात फोन केला. पुढच्या महिन्यात मी येतेय, म्हणाल्या. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही.

६

त्याच तिरमिरीत गोपीनाथांना उपाय सापडला. तो उपाय दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता, त्याला जन्मभर कागदांच्या पाठी वाचलेलाच माणूस हवा.

एका नाटकाच्या जाहिरातीमागे नवी खुर्ची दिसली. गोपीनाथ इतके चिडले, की त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या डबीत दाबला आणि खुर्चीच्या उजवीकडे पुन्हा आपली मुंगी उठवली. रांगेतला शेवटचा तो मालक. घे, म्हणाले, आता पुन्हा माझं.

जाहिरात गेली नाही. पंधरवडा उलटला तरी जागेवर होती. मग त्यांनी खुर्ची बसलेला प्रत्येक कागद हुडकून काढला आणि पुढे मुंगी उठवली. सगळे राहिले. ज्याला मुंगी मारायची राहून गेली होती, तो एका तळ्याचा नकाशा तेवढा गेला. दावा पक्का झाला. गोपीनाथांना फार दिवसांनी भूक लागली.

पण खुर्ची कपाटाबाहेर पडली होती. सवयीने ते कुठलीही वस्तू उलटी करून बघायचे, तसं दिवाणखान्यातलं घड्याळ उलटं केलं. मागे खुर्ची. त्याच्यामागे मुंगी कधी नव्हती, ती काही संग्रहातली वस्तू नव्हती. तरीही खुर्ची. बाबूरावांचा हार घातलेला फोटो उतरवून बघावा म्हणून हात वर केला तर भिंतीवर फक्त खिळा होता आणि फिकट चौकोन. हार खाली पडला होता, गाठ न सुटता.

शुभदाताईंनी तो चौकोन बघितला आणि त्यांचा बांध फुटला. म्हणाल्या, सासऱ्यांचा फोटोसुद्धा तुम्हाला ठेववला नाही? तुम्हीच वस्तू लपवता आणि माझ्यावर घालता.  गोपीनाथ स्टुलावर चढून कॅलेंडरच्या, आरशाच्या, देव्हाऱ्याच्या पाठीवर मुंग्या उठवत होते. साठी उलटलेला माणूस, हाताला शाई, कपाळाला घाम. शुभदाताई बघत राहिल्या आणि रडू थांबून त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. ती भीती खुर्चीची नव्हती, नवऱ्याची होती. गोपीनाथांना ते दिसलं आणि जे कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं. कागद गेले तर गेले. ही गेली तर या घरात त्या आवाजाबरोबर आपण एकटेच उरणार.

७

जायच्या दिवशी सकाळी शुभदाताई न्हाल्या. विमान दुपारचं होतं. विमानतळावर सोडायला त्यांनी दिवाकरला बोलावलं होतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं. बॅग दाराशी उभी होती. त्या गॅलरीत चटईवर उन्हाकडे पाठ करून बसल्या आणि ओले केस पुढे तोंडावर घेऊन पंच्याने झटकायला लागल्या.

गोपीनाथ चहाचा कप घेऊन आले. चहा त्यांनी स्वतः केला होता, साखर बहुधा जास्तच झाली होती. रात्रभर त्यांनी शब्द जुळवले होते. माझं चुकलं, जाऊ नकोस. एवढंच वाक्य. आयुष्यात कधी वापरलं नव्हतं म्हणून जड जात होतं. जवळ आले, वाकले, आणि कप तसाच त्यांच्या हातात राहिला.

शुभदाताईंच्या मानेवर, केस पुढे घेतल्यामुळे उघड्या पडलेल्या गोऱ्या जागेत, मणक्याच्या जरा उजवीकडे, एक खुर्ची होती. हरभऱ्याएवढी. कडेने तपकिरी पडलेली, कातडीत मुरलेली, जन्मखूण असावी तशी.

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. आत गेले, शिक्का आणि डबी घेऊन आले, आणि मागे उभे राहिले. हात पुढे होईना. न सांगता उठवला तर ही जे म्हणते आहे तेच खरं ठरेल. आणि नाही उठवला तर? भिंतीवरचा फिकट चौकोन त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. घाटाच्या चित्रापासून मानेपर्यंत. मधेच रडू येत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मी वेडा झालो असेन तर असो, म्हणाले, पण तुझ्या मानेवर ते आहे आणि तू जाशील ती कुठेच पोचणार नाहीस. शुभदाताईंनी मान वर केली नाही. केसांआडून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पंचा झटकायचा थांबला होता.

"म्हणजे मलाही शिक्का मारायचाय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"तू नको म्हणालीस तर नाही मारणार."

 खाली कुणाच्या तरी स्कूटरने किक घेतली नाही, पुन्हा मारली, पुन्हा नाही.

"मारा," शुभदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज भिजलेला होता, पण त्यात कुठेतरी जुनं हसू होतं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारून करताय. मारा, आणि ती बॅग आत नेऊन ठेवा."

८

गोपीनाथांनी शिक्का शाईत दाबला. श्वास रोखला, डाव्या हातात डबी धरली आणि उजव्या हाताने, कागदावरही कधी टेकवला नव्हता इतक्या हलक्या हाताने, खुर्चीच्या शेजारी टेकवला. उचलला. मुंगी उठली. सहा पाय, दोन मिशा, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी श्वास सोडला. शिक्का डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि हात धुवावेत म्हणून मोरीकडे वळले. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना गॅलरी धूसर दिसत होती. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"केवढा गार हात तुमचा," मागून शुभदाताई म्हणाल्या. "आणि दोनदा कशाला मारलात?"

ते वळले.

मानेवर खुर्ची होती, तिच्याशेजारी मुंगी, आणि मुंगीच्या उजव्या हाताला आणखी एक खुर्ची. ही मुरलेली नव्हती. शाई अजून ओली होती, उन्हात चमकत होती, आणि एका पायापासून तिचा बारीक ओघळ पाठीवर उतरत होता.

गोपीनाथांनी हातातली डबी बघितली. झाकण बंद होतं. दिवाकरची गाडी अजून आली नव्हती, रस्ता त्यांना कठड्यावरून दिसत होता.

"दिवाकरभाऊजी आले वाटतं," शुभदाताई चटईवरच्या सावल्यांकडे बघत केसांआडून म्हणाल्या आणि पंचा पुन्हा झटकायला लागल्या. "सरका ना दोघं जरा. माझं ऊन अडवलंय तुम्ही."

गोपीनाथ बाजूला झाले. शुभदाताईंच्या पाठीवर ऊन आलं नाही.